कंपायलर-विशिष्ट मॅक्रो आणि अ‍ॅट्रिब्यूट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोकंट्रोलर, बूटलोडर, ड्रायव्हर अशा हार्डवेअरला खेटून असलेल्या सी कोडविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांपैकी कंपायलरच्या स्वतःच्या मॅक्रो आणि अ‍ॅट्रिब्यूटसंबंधीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः जीसीसी आणि क्लँग हे दोन सी कंपायलर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. संकेतनावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. सोर्स फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची असतात. वाचताना एक प्रश्न सतत मनाशी असू द्यावा, तो म्हणजे हे अ‍ॅट्रिब्यूट लागूच झाले नाही, तर ते आपल्याला कळणार कसे.

१. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे नेमके काय? साध्या सी भाषेत ते काम होत नाही का?

चिपची फ्लॅश कोणत्या पत्त्यावर सुरू होते, इंटरप्टमधून परतताना कोणती इन्स्ट्रक्शन लागते, स्ट्रक्चरच्या दोन मेंबरांमध्ये मोकळे बाइट सोडायचे की नाहीत, यांपैकी कशाविषयीही सी भाषेचे मानक बोलत नाही. ही माहिती देण्यासाठी प्रत्येक कंपायलरने आपापली सोय केली. जीसीसीने ‘__अ‍ॅट्रिब्यूट__’ हा शब्द आणि त्यापुढे दुहेरी कंस अशी पद्धत आणली आणि क्लँगने तीच उचलली. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ‘__डेक्लस्पेक’ आहे, तर आयएआर कंपनीच्या कंपायलरमध्ये वेगळे कीवर्ड आणि प्रॅग्मा आहेत.

काही अ‍ॅट्रिब्यूट ही आज्ञा असते. ‘पॅक्ड’, ‘सेक्शन’, ‘अलाइन्ड’ लिहिताना आपण कंपायलरला मांडणी कशी हवी ते सांगतो. काही अ‍ॅट्रिब्यूट मात्र वचन असते. ‘नोरिटर्न’, ‘प्युअर’, ‘कॉन्स्ट’ लिहिताना आपण कंपायलरला शब्द देतो आणि तो त्या शब्दावर विसंबून कोड तयार करतो. वचन खोटे निघाल्यास काय होते, ते प्र. १२ मध्ये पाहावे.

२. आपण कोणत्या कंपायलरवर आहोत, हे कोडमधून कसे ओळखायचे?

प्रत्येक कंपायलर काही मॅक्रो स्वतःहून ठरवून ठेवतो. जीसीसी ‘__जीएनयूसी__’ देतो, क्लँग ‘__क्लँग__’, मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ‘_एमएससी_व्हीईआर’ आणि आर्मसाठीचा आयएआर ‘__आयसीसीएआरएम__’ देतो. जीसीसी किंवा क्लँगला रिकामी फाइल देऊन ‘-डीएम’ आणि ‘-ई’ हे पर्याय लावले, की सगळी यादी पडद्यावर येते. यातला ‘डी’ लहान लिपीतला, तर ‘एम’ आणि ‘ई’ मोठ्या लिपीतले असतात. ही यादी एकदा तरी निवांतपणे वाचावी, कारण इंटिजरचे आकार, बाइटक्रम आणि प्रोसेसरची वैशिष्ट्ये हे सगळे तिच्यात असते.

पण तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. क्लँगसुद्धा ‘__जीएनयूसी__’ हा मॅक्रो देतो, आणि सुसंगतीसाठी त्याने आपली आवृत्ती जीसीसी ४.२.१ अशी सांगणे पसंत केले आहे. आर्मचा जुना कंपायलर ५ हाही जीएनयू पद्धत चालू केल्यावर तोच मॅक्रो देत असे. त्यामुळे ‘__जीएनयूसी__’ सर्वांत आधी तपासणारा कोड क्लँगला जुना जीसीसी समजून बसतो आणि क्लँगला सहज जमणाऱ्या गोष्टीही नाकारतो. म्हणून आधी विशिष्ट कंपायलर तपासावेत आणि ‘__जीएनयूसी__’ शेवटी ठेवावा.

३. आवृत्तीचे आकडे तपासण्यापेक्षा सरळ मार्ग नाही का?

आहे. अमुक अ‍ॅट्रिब्यूट कंपायलरला कळते का, हे ‘__हॅज_अ‍ॅट्रिब्यूट’ ने थेट विचारता येते. क्लँगमध्ये ही सोय पूर्वीपासून होती, जीसीसीमध्ये ती आवृत्ती ५ पासून आली. येथे एक खाच आहे आणि तिच्यात बरेच जण अडकतात. ‘डिफाइन्ड’ ची तपासणी आणि ‘__हॅज_अ‍ॅट्रिब्यूट’ ची तपासणी ‘अँड’ ने जोडून एकाच ‘#इफ’ ओळीत लिहिली, तर ही सोय नसलेल्या कंपायलरवर एरर येते. पहिली अट खोटी ठरली तरी प्रीप्रोसेसरला संपूर्ण ओळ वाचावीच लागते, आणि अनोळखी नावापुढचा कंस त्याला उलगडत नाही. म्हणून बाहेर ‘#इफडेफ’ आणि त्याच्या पोटात दुसरा ‘#इफ’ अशा दोन पायऱ्या कराव्यात.

याच्याशी निगडित दुसरी गोष्ट म्हणजे ‘#इफ’ मध्ये न ठरवलेले नाव मुकाट्याने ० मानले जाते. मॅक्रोच्या नावात एक अक्षर चुकले तरी बिल्ड हिरवेच राहते. ‘-डब्ल्यू-अनडेफ’ ही वॉर्निंग चालू ठेवल्यास असे नाव तत्काळ सापडते.

४. अ‍ॅट्रिब्यूट थेट लिहावे की मॅक्रोमागे ठेवावे?

एकापेक्षा अधिक कंपायलर लागण्याची शक्यता असल्यास मॅक्रोमागे ठेवावे, आणि ते सर्व मॅक्रो एकाच हेडरमध्ये असावेत. लिनक्स कर्नलमध्ये या कामासाठी ‘कंपायलर_अ‍ॅट्रिब्यूट्स’ नावाचा स्वतंत्र हेडर आहे; आर्मच्या सीएमएसआयएस या मायक्रोकंट्रोलरसाठीच्या हेडर-संचामध्ये ‘सीएमएसआयएस_कंपायलर’ हा हेडर कंपायलर ओळखून ‘__पॅक्ड’, ‘__वीक’, ‘__अलाइन्ड’ अशी नावे ठरवून देतो.

आपल्या हेडरमधील नावांना प्रकल्पाचा उपसर्ग द्यावा. दोन अंडरस्कोरने सुरू होणारी नावे मानकाने कंपायलर आणि त्याच्या लायब्ररीसाठी राखून ठेवली आहेत, त्यामुळे कर्नलची शैली जशीच्या तशी उचलू नये. मॅक्रोच्या पोटात मात्र अ‍ॅट्रिब्यूटचे नाव दोन्ही बाजूंना दुहेरी अंडरस्कोर लावूनच लिहावे. सी११ (सी भाषेचे २०११ चे मानक) मधील ‘एसटीडीनोरिटर्न’ हा हेडर ‘नोरिटर्न’ याच नावाचा मॅक्रो ठरवतो. तो कोणी आधी समाविष्ट केला असेल, तर तुमच्या दुहेरी कंसातला ‘नोरिटर्न’ प्रीप्रोसेसर बदलून टाकतो. ‘__नोरिटर्न__’ या रूपाला तो हात लावत नाही.

रिकाम्या व्याख्येबाबत काटेकोर असावे. अनोळखी कंपायलरवर ‘इनलाइनची सूचना’ रिकामी ठरवली तर फारसे बिघडत नाही. ‘पॅक्ड’ किंवा ‘सेक्शन’ रिकामे ठरवणे मात्र चुकीचे आहे. तेथे ‘#एरर’ लिहून बिल्ड थांबवावे.

५. ‘पॅक्ड’ लावल्याने काय बदलते?

एक बाइटाचा प्रकार, मग ३२ बिटांची संख्या, मग १६ बिटांची संख्या असे तीन मेंबर घेऊ. बहुतेक ३२ बिटांच्या प्रोसेसरांवर या स्ट्रक्चरचा आकार १२ बाइट भरतो, कारण पहिल्या मेंबरनंतर ३ आणि शेवटी २ मोकळे बाइट सोडले जातात. ‘पॅक्ड’ लावले की आकार ७ होतो. त्याच वेळी संपूर्ण स्ट्रक्चरचे अलाइनमेंट (पत्ता ज्या संख्येने भागला जावा लागतो ती संख्या) १ होते, म्हणजे ते कोणत्याही पत्त्यावर बसू शकते, आणि हाच भाग विसरला जातो (प्र. ७). आत दुसरे स्ट्रक्चर मेंबर म्हणून असेल तर बाहेरच्या ‘पॅक्ड’ मुळे त्याची आतली मांडणी बदलत नाही. त्यालाही स्वतंत्रपणे ‘पॅक्ड’ लावावे लागते.

६. ‘पॅक्ड’ चा मॅक्रो लिहिला आहे, एकही वॉर्निंग नाही, तरी आकार १२ च दिसतो. असे का?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो. स्ट्रक्चरची व्याख्या संपवणारा महिरपी कंस, त्यापुढे आपला मॅक्रो आणि शेवटी अर्धविराम, अशी लिहिण्याची पद्धत सर्वत्र दिसते. आता समजा, तो मॅक्रो ज्या हेडरमध्ये आहे तो हेडर या फाइलमध्ये समाविष्टच झालेला नाही. कंपायलरच्या दृष्टीने कंसानंतरचे ते नाव म्हणजे काय? सी भाषेच्या व्याकरणानुसार त्या जागी व्हेरिएबलचे नाव येते. म्हणजे तुम्ही त्या स्ट्रक्चरच्या प्रकाराचे, मॅक्रोच्याच नावाचे एक ग्लोबल व्हेरिएबल जाहीर केलेत. व्याकरण शुद्ध आहे, अर्थही शुद्ध आहे. तक्रार करण्यासारखे कंपायलरला काहीच दिसत नाही. एका फाइलमध्ये आकार ७, दुसऱ्या फाइलमध्ये १२, आणि दोन्ही फाइली त्याच पॉइंटरने एकमेकींशी बोलत राहतात.

हा हेडर अनेक फाइलींत गेला, तर जुन्या जीसीसीमध्ये सर्व व्हेरिएबले एकच मानली जाऊन लिंकही यशस्वी होत असे. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ‘-एफनो-कॉमन’ हा पर्याय आपोआप चालू असतो, त्यामुळे निदान ‘मल्टिपल डेफिनिशन’ ची एरर येते. एकाच फाइलमध्ये चूक असेल, तर आजही काही कळत नाही.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, मॅक्रो शेवटी न लिहिता ‘स्ट्रक्ट’ हा शब्द आणि स्ट्रक्चरचे नाव यांच्या मध्ये लिहावा. तेथे न ठरवलेले नाव आले की व्याकरणच मोडते आणि एरर हमखास येते. दुसरा, व्याख्येच्या लगेच खाली सी११ मधील ‘_स्टॅटिक_असर्ट’ ने आकार ७ आहे याची खात्री करून घ्यावी आणि महत्त्वाच्या मेंबरांची जागा ‘ऑफसेटऑफ’ ने तपासावी. ही ओळ अंतिम बायनरीत एक बाइटही घेत नाही.

७. पॅक्ड स्ट्रक्चरमधील मेंबरचा पॉइंटर दुसऱ्या फंक्शनला दिला की बोर्ड हार्डफॉल्टमध्ये (गंभीर चुकीवर प्रोसेसर जेथे वळतो त्या स्थितीत) जातो. लॅपटॉपवर तोच कोड चालतो. चूक कोणाची?

चूक पॉइंटर घेण्यात आहे. मेंबर थेट स्ट्रक्चरमधून वाचला, तर तो अडनिड पत्त्यावर असू शकतो हे कंपायलरला ठाऊक असते आणि गरज पडल्यास तो एकेक बाइट उचलतो. त्याचा पत्ता साध्या ३२ बिटांच्या पॉइंटरमध्ये घेतला, की ही माहिती गळून पडते. समोरचे फंक्शन पत्ता ४ ने भागला जाणारा आहे असे धरून चालते. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर अशी वाचने सहसा खपवून घेतात. आर्मच्या कॉर्टेक्स-एम० या मायक्रोकंट्रोलर-प्रोसेसरवर मात्र ती थेट हार्डफॉल्ट देतात. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ यांची गोष्ट आणखी फसवी आहे. तेथे साधे लोड चालते, पण कंपायलरने दोन वाचने जोडून दुहेरी किंवा बहुशब्दी लोड वापरले की फॉल्ट येतो. ऑप्टिमायझेशनची पातळी बदलल्यावर कोड मोडला, अशी तक्रार पुष्कळदा येथून सुरू होते.

जीसीसी ९ पासून ‘-डब्ल्यू-अ‍ॅड्रेस-ऑफ-पॅक्ड-मेंबर’ ही वॉर्निंग आपोआप मिळते. ती बंद करू नये. मेंबरची किंमत आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावी आणि त्याचा पत्ता द्यावा.

८. मग हार्डवेअर रजिस्टर आणि नेटवर्क पॅकेटसाठी ‘पॅक्ड’ वापरावे की नाही?

रजिस्टरसाठी वापरू नये. अलाइनमेंट १ झाल्यामुळे अलाइनमेंटबाबत कडक असलेल्या प्रोसेसरांवर कंपायलर ३२ बिटांचे एक वाचन चार बाइटांच्या वाचनांत फोडू शकतो, ‘व्होलाटाइल’ लिहिलेले असूनही. ज्या रजिस्टरवर वाचनाचाच परिणाम होतो, तेथे हे घातक आहे. रजिस्टरांची रचना नैसर्गिकरीत्या अलाइन्ड असते. मध्ये रिकाम्या जागा असतील तर राखीव मेंबर लिहून भराव्यात.

पॅकेटसाठी ‘पॅक्ड’ चालते, मात्र त्याने बाइटक्रम बदलत नाही, ते रूपांतर वेगळेच करावे लागते. माझे मत विचाराल, तर बाइटांच्या अ‍ॅरेतून एकेक क्षेत्र शिफ्ट करून वाचणारी लहान फंक्शने अधिक भरवशाची ठरतात. त्यांत अलाइनमेंट, बाइटक्रम आणि कंपायलर या तिन्ही चिंता एकदम मिटतात, आणि आजचे कंपायलर अशी फंक्शने बहुधा एकाच लोडमध्ये बसवतात.

९. डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत होणारी देवाणघेवाण) बफरला ‘अलाइन्ड’ ३२ लावले आहे, तरी शेजारचे व्हेरिएबल अधूनमधून बिघडते. कसे?

कॉर्टेक्स-एम७ ची कॅशलाइन, म्हणजे कॅशमध्ये एकदम ये-जा करणारा तुकडा, ३२ बाइटांची असते, म्हणून ३२ हा आकडा बरोबर आहे. पण व्हेरिएबलवर लावलेले ‘अलाइन्ड’ फक्त सुरुवात ठरवते, आकार वाढवत नाही. ५० बाइटांचा अ‍ॅरे ३२ च्या सीमेवर सुरू होतो आणि दुसऱ्या कॅशलाइनच्या मध्येच संपतो. उरलेल्या १४ बाइटांत लिंकर (ऑब्जेक्ट फाइली जोडून बायनरी बनवणारा प्रोग्राम) दुसरे व्हेरिएबल खुशाल बसवतो. डीएमए संपल्यावर तुम्ही कॅश अवैध करता, तेव्हा त्या शेजाऱ्याची कॅशमध्ये असलेली आणि मेमरीत अजून न पोचलेली नवी किंमत नाहीशी होते. बफरचा आकारही ३२ च्या पटीत, येथे ६४, ठेवावा. ‘अलाइन्ड’ स्ट्रक्चरच्या प्रकारावर लावले, तर त्याचा आकार आपोआप पटीत वाढतो, हा दुसरा मार्ग आहे.

१०. ‘युज्ड’ लावूनही माझे टेबल अंतिम बायनरीतून गायब होते. ‘अनयुज्ड’ लावायला हवे होते का?

नाही. ही नावे परस्परविरुद्ध वाटली तरी त्यांचे विषय वेगळे आहेत. ‘अनयुज्ड’ म्हणजे हे वापरले गेले नाही तरी वॉर्निंग देऊ नये, एवढेच. ‘युज्ड’ म्हणजे संदर्भ दिसला नाही तरी कंपायलरने ते ऑब्जेक्ट फाइलमध्ये ठेवावे. पण त्यानंतर लिंकर येतो. ‘--जीसी-सेक्शन्स’ चालू असेल, तर कोणीही उल्लेख न केलेला सेक्शन लिंकर टाकून देतो आणि त्याला ‘युज्ड’ ची काहीच कल्पना नसते. त्यासाठी लिंकर स्क्रिप्टमध्ये तो सेक्शन ‘कीप’ मध्ये ठेवावा. जीसीसी ११ पासून ‘रिटेन’ हे अ‍ॅट्रिब्यूट आले असून त्याला पुरेसा नवा असेंब्लर आणि लिंकर लागतो. टेबल खरोखर आले की नाही, हे दरवेळी लिंकरने लिहिलेली मॅप फाइल उघडून पाहावे.

११. इंटरप्ट हँडलर लिहिला, पण तो कधीच चालत नाही. ‘इंटरप्ट’ अ‍ॅट्रिब्यूट राहिले म्हणून का?

कॉर्टेक्स-एम वर ते कारण नसते. तेथे इंटरप्ट येताच हार्डवेअर स्वतःच आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि स्थिती रजिस्टर असे ८ शब्द स्टॅकवर ठेवते. आर्मच्या कॉलिंग नियमांनुसार साध्या फंक्शनला जी रजिस्टरे न जपता वापरता येतात, ती यांत आलीच. त्यामुळे साधे सी फंक्शनच हँडलर म्हणून पुरते. एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर मात्र अ‍ॅट्रिब्यूट अनिवार्य आहे. तेथे ‘सिग्नल’ आणि ‘इंटरप्ट’ यांतला फरक लक्षात ठेवावा, कारण ‘इंटरप्ट’ लावलेले फंक्शन सुरुवातीलाच सर्व इंटरप्ट पुन्हा खुले करते. नेहमीचा ‘आयएसआर’ मॅक्रो ‘सिग्नल’ वापरतो आणि तोच योग्य आहे.

हँडलर न चालण्याचे नेहमीचे कारण ‘वीक’ मध्ये, म्हणजे दुसरी ठोस व्याख्या मिळाल्यास मागे हटणाऱ्या नावात, असते. स्टार्टअप फाइलमध्ये प्रत्येक हँडलरचे नाव ‘वीक’ म्हणून एका डीफॉल्ट हँडलरकडे वळवलेले असते. तुमच्या नावात एक अक्षर चुकले, तर लिंकर तक्रार करत नाही. जुने ‘वीक’ नाव जागेवर राहते आणि इंटरप्ट आला की प्रोसेसर डीफॉल्ट हँडलरच्या अनंत लूपमध्ये अडकतो. डीबगर लावून तेथे थांबलेला दिसला, तर आधी स्पेलिंग पाहावे.

स्पेलिंग बरोबर असूनही तेच होत असेल, तर हँडलर स्टॅटिक लायब्ररीत आहे का ते तपासावे. लिंकर लायब्ररीतून एखादी ऑब्जेक्ट फाइल तेव्हाच ओढतो, जेव्हा एखादे नाव अजून अपूर्ण असते. ‘वीक’ व्याख्या मिळालेली असल्याने नाव अपूर्ण राहिलेले नसते, म्हणून तुमची ठोस व्याख्या तो पाहतसुद्धा नाही. अशी ऑब्जेक्ट फाइल थेट लिंकमध्ये द्यावी किंवा त्या लायब्ररीपुरते ‘--होल-आर्काइव्ह’ वापरावे.

आणखी एक खोडा म्हणजे हेडरमधल्या प्रोटोटाइपवरच ‘वीक’ लिहिणे. तो हेडर समाविष्ट करणाऱ्या प्रत्येक फाइलमधली व्याख्या ‘वीक’ होते, आणि दोन ‘वीक’ व्याख्यांपैकी लिंकर जी आधी भेटेल ती घेतो. ‘वीक’ नेहमी व्याख्येवर लिहावे.

१२. ‘प्युअर’, ‘कॉन्स्ट’ आणि ‘नोरिटर्न’ चुकीच्या जागी लावले तर काय होते?

टाइमरचे रजिस्टर वाचणारे एक फंक्शन घ्या आणि त्याला ‘कॉन्स्ट’ लावा. ‘कॉन्स्ट’ चा अर्थ असा, की उत्तर केवळ आर्ग्युमेंटवर अवलंबून आहे. ‘प्युअर’ ला ग्लोबल मेमरी वाचण्याची मुभा असते, पण बाहेर काही बदलण्याची नसते. आता ठरावीक वेळ जाईपर्यंत हे फंक्शन पुन्हा पुन्हा बोलावणारा ‘व्हाइल’ लूप लिहिला, तर कंपायलर विचार करतो की आर्ग्युमेंट बदललेले नाही, म्हणजे उत्तरही तेच. तो कॉल लूपच्या बाहेर काढतो आणि लूप कधीच संपत नाही. ऑप्टिमायझेशन बंद असताना कोड नीट चालतो, म्हणून दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

‘नोरिटर्न’ म्हणजे फंक्शन कधीच परतणार नाही, हे वचन. असे फंक्शन परतले, तर कॉलनंतर कंपायलरने काहीच कोड ठेवलेला नसतो. प्रोसेसर मेमरीत पुढे जे असेल ते चालवू लागतो, बहुधा पुढचे फंक्शन. रीसेटसाठी लिहिलेल्या फंक्शनच्या शेवटी अनंत लूप ठेवावा.

१३. ‘ऑल्वेज_इनलाइन’ (फंक्शनचा कोड कॉलच्या जागीच बसवण्याची सक्ती) कधी लावावे?

मोजमापाने गरज सिद्ध झाल्यावर, किंवा फ्लॅश बंद असताना रॅममधून चालणाऱ्या कोडसारख्या ठिकाणी, जेथे बाहेरचा कॉल मुळीच चालत नाही. सोबत ‘स्टॅटिक इनलाइन’ लिहावे. नुसते ‘इनलाइन’ लिहिल्यास सी९९ च्या नियमांनुसार स्वतंत्र प्रत तयार होत नाही आणि लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येऊ शकतो. जीसीसी ५ ने डीफॉल्ट मानक सी११ केल्यावर हा प्रश्न वाढला.

१४. फंक्शनचे उत्तर न वापरल्यास मिळणारी ‘वॉर्न_अनयुज्ड_रिझल्ट’ ची वॉर्निंग ‘व्हॉइड’ मध्ये कास्ट करूनही जात नाही. का?

जीसीसीमध्ये ते जाणीवपूर्वक तसे ठेवले आहे; उत्तर खरोखर तपासले जावे हा त्यामागचा हेतू आहे. सी२३ मधील ‘नोडिस्कार्ड’ मात्र ‘व्हॉइड’ कास्ट मान्य करते. कास्ट करून सुटका व्हावी की नाही, यावरून आपल्या फंक्शनला यांपैकी कोणते लावायचे ते ठरवावे.

१५. सी२३ मध्ये दुहेरी चौकटी कंसांची अ‍ॅट्रिब्यूट आली. आता मॅक्रोंचा हेडर काढून टाकावा का?

अजून नाही. मानकात ‘डेप्रिकेटेड’, ‘फॉलथ्रू’, ‘मेबी_अनयुज्ड’, ‘नोडिस्कार्ड’, ‘नोरिटर्न’ यांच्यासह ‘रिप्रोड्युसिबल’ आणि ‘अनसीक्वेन्स्ड’ एवढीच आहेत. ‘पॅक्ड’, ‘सेक्शन’, ‘वीक’ त्यांत नाहीत. ती ‘जीएनयू’ हा उपसर्ग आणि दोन अपूर्णविराम लावून नव्या कंसांत लिहिता येतात, पण ती कंपायलर-विशिष्टच राहतात. मानकानुसार अनोळखी अ‍ॅट्रिब्यूटकडे कंपायलरला दुर्लक्ष करता येते, म्हणून प्र. ६ मधील ‘_स्टॅटिक_असर्ट’ येथेही हवेच.

नव्या कंसांत जागेचे नियम अधिक कडक आहेत. घोषणेच्या अगदी आधी लिहिलेले अ‍ॅट्रिब्यूट जाहीर होणाऱ्या नावाला लागते, तर प्रकारानंतर लिहिलेले त्या प्रकाराला. जुन्या पद्धतीत जीसीसी बरेच काही समजून घेत असे, पण फंक्शनच्या व्याख्येत आर्ग्युमेंटांच्या कंसानंतर आणि महिरपी कंसाआधी अ‍ॅट्रिब्यूट लिहिल्यास तोही एरर देतो. फंक्शनचे अ‍ॅट्रिब्यूट प्रोटोटाइपवर लिहून व्याख्या साधी ठेवली, तर दोन्ही पद्धतींत अडचण येत नाही. अपवाद फक्त प्र. ११ मधील ‘वीक’ चा.